चेहऱ्यामागे पळणारा कॅमेरा

"तुझे हात कुठे गेले?" तबस्सुमने विचारलं.

विचारलं म्हणजे हातांनी विचारलं. ती जन्मापासून बहिरी. मी लहानपणी मेंदूज्वरात ऐकू येणं घालवून बसले, तोपर्यंत मराठीत भरपूर बडबड करून झाली होती. त्यामुळे तोंडाने बोलणं माझ्याकडे राहिलं, तिच्याकडे ते कधी आलंच नाही. ती आमच्या शाळेच्या वसतिगृहात दहावीला होती, तिकडे लातूरच्या पुढे. वॉर्डनबाईंचा मोबाइल समोर उभा करून माझ्याशी बोलत होती. मी बार्शीत, माझ्या खोलीत, नव्या कोऱ्या कॅमेऱ्यासमोर.

"कुठे जातील? हे काय," म्हणत मी दोन्ही हात वर केले.

"दिसत नाहीत. नुसतं तोंड दिसतंय. एवढं मोठं!" तिने गाल फुगवून माझी नक्कल केली.

मी लॅपटॉपवर स्वतःला पाहिलं. खरंच की. हनुवटीपासून भांगापर्यंत सगळी मीच. मी मागे सरकले. कॅमेरा जरा थबकला, त्याने माझा चेहरा शोधला आणि परत जवळ ओढला. मी आणखी मागे गेले. त्याने परत ओढलं. कपाटाला पाठ टेकली तरी ह्याचं आपलं तेच. मी चिडून खाली बसले, तर तोही माझ्यामागोमाग खाली आला.

"अजून तोंडच," तबस्सुम म्हणाली. तिला मजा वाटत होती. मला मात्र नाही.

कारण दुसऱ्या दिवशी दुपारी ह्याच कॅमेऱ्यासमोर माझी परीक्षा होती. बी.एस्सी., बी.एड. करून मी घरी बसले होते. प्रत्येक मुलाखतीत एकच प्रश्न यायचा, मुलांचं तुम्हाला ऐकू कसं येणार? आमच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेतसुद्धा आजवर एकही बहिरा शिक्षक लागला नव्हता. पण गणिताचे सर सोडून गेले, दुसरे मिळेनात, आणि संस्थेच्या दोन गावांत दोन शाळा. तेव्हा हिर्लेकर बाईंनी संस्थेच्या लोकांपुढे माझं नाव टाकलं. शर्वरीने घरून शिकवावं, दोन्हीकडच्या मुलांनी पडद्यावर बघावं. संस्थेची माणसं म्हणाली, आधी एक तास घेऊन दाखवू दे, आम्ही मुलांच्या मागे बसून बघतो. तो तास जमला तर नोकरी. नाही जमला तर दादावहिनीच्या घरात कोथिंबीर निवडत म्हातारी होणार, हे मला लख्ख दिसत होतं.

हिर्लेकर बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. बाईंचं माझ्यावर जिवापाड प्रेम. मी शाळेत आले तेव्हा माझा आवाज फाटत चालला होता, शब्द घसरत होते. बाई रोज सकाळी माझा तळवा स्वतःच्या गळ्यावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हं, आता तू." त्यांनी माझी वाचा हातातून जाऊ दिली नाही. मग प्रत्येक स्नेहसंमेलनात मी स्टेजवर. ही बघा आमची शर्वरी, कशी बोलते! टाळ्या मला दिसायच्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी असायचं. हातांनी बोलणं बाईंना आवडत नसे, मुलं आळशी होतात म्हणायच्या. त्यामुळे आम्ही हातांनी बोलायचो ते वसतिगृहात, दार लावून.

कॅमेरा घ्यायचा ठरला तेव्हा त्यांचा मेसेज आला होता: "चेहरा जवळून दिसू दे. ओठ स्पष्ट हवेत. आवाज स्वच्छ हवा. हात शक्यतो खाली."

आणि मला ते बरोबर वाटलं हो! मी स्वतः ओठांवर जगणारी बाई. समोरच्याने तोंड फिरवलं की माझं जग बंद. म्हणून दुकानात कॅमेरे बघताना मी फक्त ओठ बघितले. ह्या कॅमेऱ्यात माझे ओठ असे दिसले की त्यावरून कोणीही वाक्य उचलावं. वर तो चेहरा ओळखतो, माणूस हलला की मागे येतो, माइकही चांगला. मी म्हटलं, द्या.

दुकानात तो विंडोजवर चालला होता. तिथे त्याचा एक प्रोग्रॅम होता आणि त्यात ही पाठलागाची खोड बंद करायचं बटण होतं. माझा लॅपटॉप दादाने टाकून दिलेला. त्यावर विंडोज उघडेपर्यंत केलेला चहा निवून जायचा, म्हणून मी विंडोज काढून लिनक्स घातलं होतं आणि तेव्हापासून तो गुणी मुलासारखा वागत होता. कॅमेरा लावला, लगेच चालला. मी खोलीत एक गिरकी मारली होती! आता शोधायला बसले तर ते बटण कुठेच नाही. उजेड कमीजास्त करता येत होता, रंग बदलता येत होता, पण चेहऱ्यामागे पळू नकोस हे सांगायची सोय लिनक्सवर नव्हतीच. दादाच्या कॉम्प्युटरला लावून बंद केलं, आणून माझ्या लॅपटॉपला लावलं. हा परत माझ्या तोंडामागे.

मी टेबलावर हात आपटला. दारात वहिनी उभी. ज्योत्स्ना वहिनी माझ्याशी बोलताना आधी उजेडाकडे तोंड करते, मग बोलते. लग्न होऊन आली त्या आठवड्यात शिकली ती.

"काय चाललंय? खाली आमटीवरचं झाकण उडतंय."

"कॅमेरा मूर्ख आहे."

"सकाळी तर हुशार होता."

"हुशार आहे म्हणूनच मूर्ख आहे!"

"बरं बाई. जेवायला तरी ये, त्याला घेऊन आलीस तरी चालेल."

जेवण कसलं जातंय. अन्न नुसतं चिवडलं. तबस्सुमचा तो प्रश्न डोक्यातून हलेना. तिला माझे ओठ कितीही मोठे करून दाखवले तरी त्यांचा काय उपयोग? जे शब्द तिने कधी ऐकलेच नाहीत ते ती ओठांवरून ओळखणार कशी? हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं. तरी मी ओठांचा कॅमेरा उचलून आणला होता.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी आणि वहिनी भगवंत मंदिराकडच्या रस्त्यावर हजर. माझ्या पाठीवर लॅपटॉप. पारसशेठ दुकानात आले, देवाला उदबत्ती लावली आणि वहिनीला म्हणाले, "मॅडमना सांगा, खोका फोडला की परत घेत नाही."

"मॅडमना ऐकू येत नाही," मी म्हणाले, "पण मॅडम इथेच उभ्या आहेत."

जरा जोरातच बोलले असणार, कारण समोरच्या झेरॉक्सवाल्यानेही मान वळवली. वहिनीने मला कोपर मारलं. मोठ्याने बोलतेस, ह्याची ती आमची खूण.

"परत नका घेऊ," मी आवाज खाली आणला. "दुसरा दाखवा. पण माझ्या लॅपटॉपवर लावून बघणार."

काउंटरवर लॅपटॉप उघडला. एकेक कॅमेरा लावायचा आणि त्याच्यासमोर हातांनी पूर्ण गणित सांगायचं, असं मी सुरू केलं. उणे पाच गुणिले उणे तीन. चला. पहिला कॅमेरा सगळ्यात मोठ्या चित्राचा. चित्र काचेसारखं, पण एवढं मोठं चित्र त्या वायरीतून जाताना अडखळत होतं. माझी बोटं इथून निघायची ती एकदम तिथे उगवायची, मधलं सगळं गायब. काढा. दुसरा बरा वाटला, पण हात पुढे आला की त्याला हात बघू की तोंड बघू कळेना. आधी मी धूसर, मग हात धूसर, मग दोन्ही. काढा.

पारसशेठ वहिनीच्या कानाशी वाकले. मला त्यांचे ओठ दिसत होते. "ह्या काय करतायत?"

"बोलतायत," वहिनी म्हणाली.

"कोणाशी?"

"कॅमेऱ्याशी. तुम्ही पुढचा काढा."

तिसरा त्यांनी खालच्या फळीवरून नाइलाजाने काढला. काळा, ठोकळ्यासारखा, पुढच्या भिंगाला फिरवायची एक कडी. एकदा कडी फिरवून नजर जुळवली की हा आपला तिथेच बघत बसतो. दुकानातल्या ट्यूबलाइटच्या पट्ट्या चित्रात वरून खाली सरकत होत्या, त्या मी लिनक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन घालवल्या. मग काउंटरपासून दोन पावलं मागे झाले आणि गणित सांगितलं. डोक्यापासून कमरेपर्यंत मी आणि दोन्ही कोपरं मोकळी. बोट न बोट सुटं दिसत होतं, भरभर हलवलं तरी. चेहरा मात्र लहान, ओठ तर विचारूच नका.

"हा नका घेऊ," पारसशेठ आता थेट माझ्याशी बोलले. "हा स्वस्तातला आहे. ह्याला माइकसुद्धा नाही."

"मला पण कान नाहीत," मी म्हणाले. "आमचं जमेल."

बिचारे ओशाळले आणि मग हसले. वहिनी तर काउंटरला धरून हसत होती. मी हसले नाही. पैसे मोजून काउंटरवर ठेवले.

घरच्या फाटकाशी स्कूटर लावल्यावर वहिनीने हेल्मेट काढलं आणि उजेडाकडे तोंड केलं. "आता बाईंचं काय? त्यांना ओठ हवेत ना? आवाज हवा ना?"

"दोन्ही लावते. एक नंबर दाबला की हुशार, दोन नंबर दाबला की साधा. आवाज हुशारच्या माइकमधून जाईलच."

"ते कळलं. पण तू दाबणार काय?"

"एक."

"मग दुसरा घेतला कशाला?"

मला माहीतच नव्हतं. बाईंच्या मनाविरुद्ध वागायचं, ते सुद्धा त्यांनीच मिळवून दिलेल्या संधीत? आणि नोकरीसाठी पुढेही शब्द त्यांनीच टाकायचा. इतकी काय मी शूर लागून गेले नव्हते. मी केस विंचरले, परत सोडले, परत विंचरले. वहिनीने माझा तिसरा ड्रेस इस्त्री केला आणि म्हणाली, आता बदललास तर माझ्याशी गाठ आहे.

दुपारी पडद्यावर शाळेचं सभागृह उघडलं. पुढे बाकांवर मुलं, तबस्सुम पहिल्या बाकावर, दोन वेण्या घट्ट. मागे सोफ्यावर संस्थेची तीन माणसं, त्यांच्यासमोर चहा. बाजूला बाई, ठेवणीतल्या साडीत. वहिनी माझ्या टेबलाच्या पलीकडे, कॅमेऱ्यात येणार नाही अशी बसली. माझा आवाज वर गेला की तिने हात खाली करायचा, खाली गेला की वर, आणि तिकडे कोणी बोललं तर वहीत लिहून दाखवायचं.

मी एक नंबर दाबला.

"नमस्कार. आज आपण वर्गसमीकरण सोडवणार आहोत."

हात खाली. ओढणी मुठीत धरली होती म्हणून ते खाली राहिले. मी सावकाश बोलत होते, प्रत्येक अक्षर बाईंनी शिकवलं तसं ओठांवर मांडत. एकेक पायरी आधी लिहून ठेवलेली पडद्याच्या बाजूला येत होती. मुलं टक लावून बघत होती. पहिली पायरी झाली. "कळलं?" मी विचारलं.

सगळ्यांनी मान हलवली.

दुसरी पायरी. "कळलं?" सगळ्यांनी मान हलवली. मागे सोफ्यावरच्या जॅकेटवाल्या साहेबांनीही हलवली. वहिनीने वहीत लिहिलं: साहेब म्हणतात, उच्चार फारच सुंदर. बाईंचा चेहरा असा फुलला होता की मला लहानपणचं स्टेज आठवलं. काम फत्ते होतं. अजून थोडा वेळ असंच बोलत राहायचं, की नोकरी खिशात.

पण ती मान मी ओळखते. आम्ही बहिरी माणसं ती मान फार लवकर शिकतो. समोरचा बोलतोय, ओठ हलतायत, हातात काही येत नाहीये, आणि त्याचे डोळे मोठ्या आशेने आपल्याकडे लागलेत. मग आपण मान हलवतो. तो खूश होतो आणि आपली सुटका होते. डॉक्टरांपुढे हलवतो, कंडक्टरपुढे हलवतो, लग्नात दूरच्या मावश्यांपुढे तर तासन्‌तास हलवतो. ऐकणाऱ्या माणसांना वाटतं, कळलं.

तबस्सुमसुद्धा हलवत होती. काल माझ्या तोंडाची नक्कल करणारी, एवढी चुरचुरीत पोरगी, मान डोलवत शहाण्यासारखी बसली होती. तिचे डोळे पार रिकामे होते. ते बघून माझं डोकंच फिरलं. नोकरी गेली खड्ड्यात, असं मी मनात म्हटलं आणि लगेच घाबरले. घाबरत घाबरतच मी दोन नंबर दाबला, दोन पावलं मागे गेले आणि ओढणी सोडली.

तोंड मिटून घेतलं. हातांनी विचारलं, "खरं सांगा. कुठपर्यंत कळलं?"

सभागृहातल्या सगळ्या माना एकदम थांबल्या.

मुलांनी तिरक्या नजरेने बाईंकडे बघितलं. बाईंच्या कपाळावर आठ्या. मी परत विचारलं. शेवटी तबस्सुमचा हात हळूच बाकाच्या वर आला.

"ऋण गुणिले ऋण धन का होतं?"

"ते सातवीत झालं ना?"

"सातवीत मान हलवली होती," ती म्हणाली.

वहिनीला आमच्या खुणा बऱ्यापैकी येतात. तिने तोंडावर हात ठेवला. मी समीकरण बाजूला ठेवलं. हवेत एक रस्ता काढला आणि त्यावर दोन बोटांचा माणूस उभा केला. ऋण म्हणजे उलटं फिरणं. एकदा फिरलास, पाठ करून चाललास. परत फिरलास, आता तोंड कुठे?

"कळलं नाही," तबस्सुम म्हणाली.

तिच्या मागच्या बाकावरचा मुलगा उठला. "मला पण नाही. परत फिरायचं कशाला? सरळ जावं."

"अरे, गणित सांगतंय म्हणून फिरायचं," तिसऱ्याने त्याला दटावलं.

"तुला कळलंय का? मग तू सांग!"

"मला पण नाही कळलं!"

बघता बघता सभागृहाचा बाजार झाला. मुलं बाकांवर उलटी वळून एकमेकांशी भांडत होती, दोघंजण मधल्या जागेत स्वतःच फिरून बघत होते, एकाने दुसऱ्याला खांद्याला धरून वळवलं. सगळीकडे हातच हात. कळलं नाही, परत सांग, हे असं का, ते तसं का. मी एकाला उत्तर देत होते तोवर तिघं उभे. मी घाबरलेही होते आणि मला खूप आनंद झाला होता, दोन्ही एकदम.

सोफ्यावर आनंद नव्हता. जॅकेटवाल्या साहेबांनी कप खाली ठेवला. वहिनीने वही वर धरली: म्हणतायत, मघाशी छान चाललं होतं, सगळ्यांना कळत होतं. आता एकालाही कळेना. ह्या मुलीला वर्ग सांभाळता येत नाही.

बाई उठल्या. त्या पुढे आल्या तसे मुलांचे हात बाकाखाली जात गेले, ओळीओळीने. बाई थेट कॅमेऱ्यापाशी आल्या. त्यांचा चेहरा माझ्या पडद्यावर भरून आला. आयुष्यभर त्यांनी माझ्याशी बोलताना ओठ स्वच्छ हलवले, आत्ताही हलवले.

"शर्वरी, हे काय चाललंय? काय म्हणतायत मुलं?"

मी तोंडाने उत्तर दिलं. माइक चालू होता. "कळलं नाही म्हणतायत, बाई."

"पण आधी तर कळलं होतं. मी बघत होते. सगळ्यांनी मान हलवली."

"हो."

"मग?"

वहिनी माझ्याकडे बघत होती. बाई मुलांकडे वळल्या, मग परत माझ्याकडे. 

"तू पण?" त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर? तू पण अशीच मान हलवायचीस?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. बाईंसाठी वाटलं, नोकरीसाठीही वाटलं. तळवा गळ्यावर ठेवून त्यांनी घालवलेल्या त्या सकाळी आठवल्या, आणि त्यानंतर भूगोलाच्या, इतिहासाच्या तासाला मी मान डोलवत काढलेली वर्षं आठवली.

"हो, बाई. कितीतरी वेळा."

बाई पाठ फिरवून सोफ्याकडे गेल्या. पाठीला ओठ नसतात, त्यामुळे त्या काय बोलल्या ते मला कळलं नाही. वहिनीचं पेन उघडं तसंच राहिलं, तिने काही लिहिलंच नाही, फक्त ऐकत बसली. जॅकेटवाले साहेब उठले, हातवारे करत काहीतरी म्हणाले आणि बाहेर गेले. उरलेले दोघं एकमेकांकडे बघत बसून राहिले. मी टेबलाची कड घट्ट धरून उभी होते.

मग वहिनीने लिहिलं. "बाई म्हणाल्या, हिला घेणार नसाल तर माझाही राजीनामा घ्या. हे दोघं आता हो म्हणाले."

बाई परत कॅमेऱ्यासमोर आल्या. डोळे लाल होते. ओठ मात्र तसेच स्वच्छ.

"सोमवारपासून रोज ह्याच वेळेला. आणि तो चेहऱ्यामागे पळणारा कॅमेरा पुन्हा लावू नकोस."

मुलांच्या बाकावर त्या तबस्सुमशेजारी बसल्या. तबस्सुम घाबरून थोडी सरकली. बाईंनी मांडीवरचे हात उचलले, जरा वेळ हवेत तसेच धरले आणि मग अडखळत, चुकीच्या बोटांनी, पण मला दिसेल असं म्हणाल्या, "मला पण कळलं नाही. परत सांग."

मी डोळे पुसले आणि परत रस्ता काढला.